३० टक्के न्यूमोथोरॅक्स: नळी घालायची, वाट पाहायची की ऑपरेशन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, उंच, सडपातळ, पुण्यात वसतिगृहात राहतो. आधीचा कुठलाही आजार नाही, सिगारेट ‘कधीमधी’. तीन दिवसांपूर्वी बसल्या बसल्या छातीत उजवीकडे कळ आली. गॅस धरला असेल म्हणून दोन दिवस सोडा आणि ओव्यावर काढले. मग एक्सरे काढला, तर रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला ३० टक्के न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठून फुफ्फुस आक्रसलेलं. पहिले डॉक्टर म्हणाले, हवा काढायला लगेच छातीत नळी घालू. दुसरे म्हणाले, घरी जा, आठवड्याने दाखवा. तिसऱ्यांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनचा विषय काढला. यातलं कोण बरोबर, आणि भावाला कोकणात गावी आणावं का?

मी छातीरोगतज्ज्ञ आहे आणि असे रुग्ण नेहमी पाहतो. तरी भावाला तपासल्याशिवाय त्याच्यापुरता निर्णय मी देणार नाही, कोणीच देऊ नये. त्याला आत्ता बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, चक्कर येत असेल किंवा बोटाला लावायच्या मशीनवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९२ च्या खाली जात असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याला तडक मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

तसं नसेल तर ऐका. तीन डॉक्टरांनी तीन सल्ले दिले म्हणून त्यातले दोन चुकीचे ठरत नाहीत. तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली असण्याची शक्यता जास्त. ३० टक्क्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्नच नाही. त्याला श्वासाचा त्रास किती आहे, हवेखाली दबलेलं फुफ्फुस मुळात निरोगी आहे का, आणि अचानक बिघडलं तर तो किती वेळात नळी घालणाऱ्या माणसापर्यंत पोचेल, यावर उपचार ठरतो. टक्केवारी त्यानंतर येते.

फुफ्फुसाला स्वतःचे स्नायू नसतात. छातीची भिंत आणि फुफ्फुस यांच्यामध्ये फुफ्फुसावरणाचे दोन पातळ पदर असतात. त्या पदरांमध्ये अगदी थोडा द्रव असतो आणि दाब वातावरणापेक्षा कमी असतो. त्या कमी दाबामुळेच फुफ्फुस भिंतीला धरून फुललेलं राहतं. फुफ्फुसाच्या पृष्ठभागाला बारीक भोक पडलं, किंवा बाहेरून छातीला छिद्र झालं, की हवा पदरांमध्ये शिरते आणि फुफ्फुस आपल्याच लवचिकपणाने आक्रसतं. तुमच्या भावासारख्या मुलांमध्ये हे भोक बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या शेंड्याजवळच्या बारीक फोडांपाशी असतं. जिना चढताना, वजन उचलताना असं काही झालेलं नसतं. बरेच जण तेव्हा नुसते बसलेले असतात.

जाता जाता एक सांगून ठेवतो. एखाद्या रिपोर्टवर नुसतं ‘कोलॅप्स’ लिहिलं असेल तर नेमकं काय ते विचारून घ्या. श्वासनलिकेत कफाचा गठ्ठा, गाठ, किंवा लहान मुलाच्या बाबतीत शेंगदाणा अडकला, तरी त्यापुढची हवा शोषली जाऊन फुफ्फुसाचा तो भाग मिटतो. तिथे फुफ्फुसाबाहेर हवा साठलेलीच नसते. उपाय असतो अडथळा काढण्याचा, फिजिओथेरपीने किंवा ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून. छातीत नळी घालून त्यात काही साधत नाही.

आता त्या ३० आकड्याकडे वळू. एक्सरे हे सपाट चित्र आहे, फुफ्फुस मात्र सगळ्या बाजूंनी आक्रसतं. समजा छातीची ती बाजू १० सेंटीमीटर रुंद आहे आणि फुफ्फुस ८ सेंटीमीटर उरलंय. डोळ्यांना वाटतं, पाचवा हिस्सा गेला. पण घन काढून पाहा: ८ चा घन ५१२, १० चा १०००. म्हणजे जवळजवळ निम्मी जागा हवेने घेतली. याच हिशेबाने ३० टक्क्यांना कडेची पोकळी सेंटीमीटरभरच भरते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने हा हिशेब केला की नजरेने अंदाज बांधला, हे कागदावरून कळत नाही. शिवाय मोजपट्ट्याही वेगवेगळ्या. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत फुफ्फुसाच्या मुळाच्या पातळीला २ सेंटीमीटर किंवा जास्त पोकळी असली तर न्यूमोथोरॅक्स मोठा. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सने २००१ मध्ये शेंड्यापाशी ३ सेंटीमीटर धरले होते. एकच एक्सरे एका पट्टीने लहान आणि दुसरीने मोठा ठरू शकतो. ब्रिटिश सोसायटीने २०२३ मध्ये आकाराला बरंच मागे ढकललं. आधी रुग्णाचा त्रास, मग जोखमीची लक्षणं, आणि आकार मुख्यतः सुई किंवा नळी सुरक्षितपणे घालण्याइतकी जागा आहे का हे पाहण्यापुरता. मला हा क्रम पटतो, कारण खाटेजवळ उभं राहिल्यावर आम्ही तेच करत असतो.

प्रकार पाडायचे ते कारणावरून. आधी फुफ्फुसाचा कुठलाच आजार माहीत नसताना आपोआप झालेला तो प्राथमिक. तुमच्या भावाचा सध्या याच खात्यात मोडतो. उंच, सडपातळ, तरुण, आणि बहुतेकदा सिगारेट ओढणारा मुलगा. ब्रिटिश मार्गदर्शिकेतला आकडा असा, की सिगारेट ओढणाऱ्या निरोगी पुरुषांमध्ये आयुष्यभरातली शक्यता १२ टक्के, न ओढणाऱ्यांमध्ये ०.१ टक्का. ‘कधीमधी’ ओढणारा या दोन्हींच्या मध्ये कुठे बसतो ते त्यालाच विचारा, आणि गांजाचंही विचारा. घरच्यांसमोर मुलं सांगत नाहीत, म्हणून मी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर पाठवतो.

आधीच आजारी असलेल्या फुफ्फुसात झालेला तो दुय्यम. आपल्याकडे यात टीबी आणि सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा, बहुधा धुरामुळे होणारा जुनाट आजार) सगळ्यांत पुढे. जुना टीबी बरा होऊन मागे राहिलेल्या पोकळ्या, विडी किंवा वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने पोखरलेली फुफ्फुसं, फुफ्फुस आवळून टाकणारे तंतुमय आजार, दगडखाणीतल्या कामगारांचा सिलिकोसिस. इथे माणसाकडे राखीव ताकद नसते, त्यामुळे थोडीशी हवाही जिवावर बेतते. बसून घडाघडा गप्पा मारणारा ३० टक्क्यांचा तरुण मी घरी पाठवू शकतो, पण १५ टक्क्यांचे सीओपीडीवाले आजोबा मी भरतीच करून घेतो. ५० च्या पुढचं वय आणि भरपूर धूम्रपान एवढ्यावरही, सीओपीडीचा शिक्का बसलेला नसला तरी, रुग्ण जोखमीचा धरला जातो. या लोकांत आणखी एक धोका असतो. सीओपीडीमध्ये कधी कधी फुफ्फुसातच प्रचंड मोठा फुगा तयार होतो आणि साध्या एक्सरेत तो हुबेहूब न्यूमोथोरॅक्ससारखा दिसतो. त्यात नळी खुपसली तर नसलेलं भोक आपणच पाडतो. शंका आली आणि रुग्ण स्थिर असला तर आधी सीटी, मग नळी.

अपघाताने झालेला तिसरा. तुटलेली बरगडी, भोसकणं, गाडीवरून पडणं. सोबत रक्तही साठलेलं असू शकतं, तेव्हा जाड नळी लागते आणि रुग्ण सर्जनच्या हातात असावा लागतो. चौथा आमच्या हातून होणारा: मानेच्या मोठ्या शिरेत लाइन टाकताना, फुफ्फुसाची बायोप्सी घेताना, छातीतलं पाणी काढताना. सुईने झालेले बरेचसे किरकोळ असतात आणि आपोआप जिरतात; मात्र रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर नळी लागतेच, कारण मशीन प्रत्येक श्वासाला दाबाने हवा आत ढकलत असतं.

बायकांच्या बाबतीत एक प्रश्न हटकून विचारायला हवा आणि तो बरेचदा राहून जातो: दुखणं पाळीच्या आसपास सुरू झालं का? एंडोमेट्रिओसिसशी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराशी) जोडलेला न्यूमोथोरॅक्स असतो, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, पाळी सुरू झाल्यापासून तीनेक दिवसांत. त्याच्या उपचारात स्त्रीरोगतज्ज्ञही लागतात.

‘टेन्शन’ न्यूमोथोरॅक्स हा यांच्या रांगेतला पाचवा प्रकार नाही. यातला कुठलाही त्या अवस्थेला जाऊ शकतो. भोक सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्वसारखं वागू लागतं: श्वास घेताना हवा छातीत येते, सोडताना परत जात नाही. दाब वाढत जातो, हृदय आणि श्वासनलिका दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात, हृदयाकडे येणारं रक्त अडतं. नाडी पळते, रक्तदाब पडतो, मानेच्या शिरा फुगू शकतात. अशा वेळी एक्सरेची वाट पाहायची नसते. जाड सुई घालून आधी हवा सोडायची, मग नळी. कॉलरबोनच्या मध्यावरून खाली दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीमधली जागा आम्ही शिकलो. अपघाती रुग्णांसाठीच्या एटीएलएस प्रशिक्षणात २०१८ पासून मोठ्या माणसांसाठी काखेच्या बाजूची, चौथ्या-पाचव्या बरगडीखालची जागा सांगतात, कारण पुढून छातीची भिंत जाड असली की सुई आत पोचतच नाही. तुमचा भाऊ तीन दिवस हिंडतोफिरतो आहे, त्यामुळे ही शक्यता कमी आहे, शून्य नाही.

तर वाट पाहायची का? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३१६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १४ ते ५० वयाचे, पहिल्यांदाच प्राथमिक न्यूमोथोरॅक्स झालेले, आणि तोही मध्यम ते मोठा. निम्म्यांना नळी, निम्म्यांना नुसती देखरेख. देखरेखीतल्या साधारण ८५ टक्के लोकांना शेवटपर्यंत नळी लागली नाही. वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण नळीवाल्यांत १६.८ टक्के आणि देखरेखवाल्यांत ८.८ टक्के निघालं. काही रुग्ण आठ आठवड्यांच्या एक्सरेला आलेच नाहीत, त्यामुळे निष्कर्ष किती पक्का यावर वाद आहे, पण या अभ्यासाने आमच्यातल्या अनेकांचा हात नळीकडे जाण्याआधी थांबू लागला हे खरं. कल्पना तशी नवी नाही. टीबीवर औषधं नव्हती तेव्हा इटलीच्या कार्लो फोर्लानिनींच्या पद्धतीने डॉक्टर मुद्दाम छातीत हवा भरून टीबीचं फुफ्फुस मिटवून ठेवत आणि पुन्हा पुन्हा हवा भरत राहत. ते रुग्ण एका मिटलेल्या फुफ्फुसानिशी महिनोन् महिने वावरत.

भोक बुजलं की साठलेली हवा शरीर शोषून घेतं, पण सावकाश: छातीच्या त्या बाजूच्या आकारमानाच्या साधारण सव्वा ते सव्वादोन टक्के दररोज. ३० टक्क्यांना यावरून दोन ते साडेतीन आठवडे धरा. म्हणजे आठवड्याने एक्सरे पूर्ण साफ नाही दिसला तर घाबरायचं नाही. मास्कने ऑक्सिजन दिला तर हे शोषण चौपटीपर्यंत वाढू शकतं, कारण साठलेल्या हवेत मुख्यतः नायट्रोजन असतो आणि रक्तातला नायट्रोजन कमी झाला की तो भराभर तिकडे ओढला जातो. हे रुग्णालयात भरती असताना ठीक. यासाठी घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणू नका. आणि सीओपीडीच्या रुग्णाला असा सढळ ऑक्सिजन देऊच नका, त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं असतं.

घरी पाठवण्याआधी मी हे पाहतो: वेदनाशामक घेतल्यावर तो आरामात चालू शकतो, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन चांगलं आहे, चारेक तासांनी काढलेल्या दुसऱ्या एक्सरेत पोकळी वाढलेली नाही, हवा एकाच बाजूला आहे, रक्त साठलेलं नाही. आपल्याकडे यात मी टीबीची भर घालतो. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, दोन आठवड्यांवरचा खोकला, एक्सरेत दुसरीकडे कुठे डाग? असेल तर टीबीचे जंतू शोधणारी थुंकीची सीबीनॅट तपासणी, आणि मग तो ‘प्राथमिक’च्या खात्यातून बाहेर. शेवटचा मुद्दा, रात्री दोनला त्रास वाढला तर त्याच्याजवळ कोण आहे? वसतिगृहातली एकट्याची खोली मला चालणार नाही. कोकणातलं घर त्याहून नको. तुम्हीच लिहिलंय की जवळचं मोठं रुग्णालय दीड तासावर आहे. फुफ्फुस उघडल्याचं एक्सरेत दिसेपर्यंत त्याला पुण्यातच नातेवाइकांकडे ठेवा, किंवा तुमच्यापैकी कोणी तिथे जाऊन राहा. दुसऱ्या डॉक्टरांशी माझा मतभेद असलाच तर एवढाच, की पुढचा एक्सरे मी आठवड्याने नाही, दोन-तीन दिवसांत काढला असता. आणि आजीने सांगितलं तरी फुगे फुगवायला लावू नका. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटरही सध्या कपाटात.

श्वासाचा त्रास असेल तर हवा काढावी लागते. प्राथमिक प्रकारात बारीक सुईनळी आणि सिरिंजने हवा ओढून काढता येते. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचं त्यावर भागतं. अडीच लिटरपर्यंत ओढूनही हवा येतच राहिली तर भोक उघडं आहे असं समजून नळी घालायची. ही पद्धत आपल्याकडे कमी वापरली जाते. सुईने नाही भागलं तर दुसऱ्यांदा टोचावं लागेल, म्हणून थेट आयसीडी, म्हणजे छातीतली नळी, घातली जाते. बाहेरदेशी छातीला लावून हिंडता येईल असं छोटं व्हॉल्वचं उपकरणही देतात.

नळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जाडजूड पाइप येतो. नुसत्या हवेसाठी पिगटेल, म्हणजे टोकाला वळलेली बारीक नळी, बहुधा पुरते, आणि ती कमी दुखते. घालायची जागा काखेखालचा त्रिकोण, साधारण चौथ्या-पाचव्या बरगडीखाली. नळीचं दुसरं टोक पाणी भरलेल्या बाटलीत बुडवलेलं असतं, हवा बाहेर येते पण परत जाऊ शकत नाही. ती बाटली कायम छातीच्या खाली राहिली पाहिजे. संडासला नेताना, एक्सरेला नेताना कोणी ती खाटेवर ठेवली तर लगेच खाली घ्यायला सांगा. बुडबुडे येताहेत म्हणजे भोक अजून उघडं आहे. अशा वेळी नळीला चिमटा लावायचा नाही, वॉर्डबॉयने ‘सांडेल’ म्हटलं तरी. बुडबुडे थांबले आणि पाण्याची पातळी श्वासाबरोबर वरखाली होत राहिली तर ते चांगलं चिन्ह. तीही हलेनाशी झाली तर एकतर फुफ्फुस पूर्ण उघडलं किंवा नळी पिळली, तुंबली, ठरवायला एक्सरे. दुखत असेल तर गोळी मागून घ्या. दुखण्याच्या भीतीने पोरं खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, आणि फुफ्फुस उघडायला वेळ लागतो.

तुमच्या भावाला तीन दिवस होऊन गेलेत, म्हणून एक खास सूचना. बराच वेळ मिटलेलं फुफ्फुस झपकन उघडलं तर त्यात पाणी भरू शकतं. नळीनंतर तासाभरात जोराचा खोकला, फेसाळ थुंकी, वाढती धाप असं झालं तर लगेच सांगायचं. याच कारणाने नळीतून हवा ओढणारं सक्शन मशीन पहिल्याच दिवशी लावायची घाई मी करत नाही.

फुफ्फुस उघडलं आणि दिवसभर बुडबुडे आले नाहीत की नळी काढतात. चार-पाच दिवसांनंतरही हवा येतच राहिली तर छातीच्या सर्जनना बोलवायचं. टीबीच्या फुफ्फुसात मात्र ही गळती आठवडेच्या आठवडे चालू शकते, आणि रुग्णाला ऑपरेशन झेपणारं नसतं. तिथे नळीतून औषध घालून दोन्ही पदर चिकटवण्याचा मार्ग, प्लुरोडेसिस, उरतो. परदेशात त्यासाठी शुद्ध टाल्क वापरतात. आपल्याकडे बेटाडीनचं द्रावणही चालतं.

बरं झाल्यावरचं. विमान: फुफ्फुस पूर्ण उघडल्याचं एक्सरेत दिसल्यावर आणखी सात दिवस थांबायचं, कारण उंचीवर उरलेली हवा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगते. स्कूबा डायव्हिंग कायमचं बंद, मग ते तारकर्ली असो की अंदमान; दोन्ही बाजूंचं ऑपरेशन होऊन सगळ्या तपासण्या नीट आल्या तरच अपवाद. जिम आणि क्रिकेट एक्सरे साफ झाल्यावर हळूहळू. पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली, अगदी दुसऱ्याच कशासाठी, तर हा इतिहास सांगायचा. सिगारेटबद्दल मी आकडा वर दिलाच आहे.

राहिले तिसरे डॉक्टर. पहिल्या न्यूमोथोरॅक्सनंतर वर्षभरात पुन्हा होण्याची शक्यता, अनेक अभ्यास एकत्र धरले तर, ढोबळमानाने दहात तीन (वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासात ती कमी निघाली). ऑपरेशनने, म्हणजे दुर्बिणीतून शेंड्याचे फोड काढून पदर चिकटवून टाकल्यावर, ती काही टक्क्यांवरच येते. तरी दहातल्या सात जणांना ज्याची गरजच पडणार नाही ते पहिल्याच वेळी का करायचं? मी ऑपरेशनला पाठवतो ते त्याच बाजूला दुसऱ्यांदा झाला तर, दुसऱ्या बाजूला पहिल्यांदा झाला तर, दोन्हीकडे एकदम झाला तर, रक्त साठलं तर, हवा थांबेना तर, किंवा पहिलीच खेप टेन्शनची असेल तर. पायलट किंवा डायव्हर असेल तर पहिल्याच वेळी. भाऊ काय शिकतोय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मर्चंट नेव्ही किंवा हवाई दलाचा विचार असेल तर तिसऱ्या डॉक्टरांकडे निवांत बसून बोला. घरात आणखी कोणाला असा त्रास झाला असेल, किंवा त्याची बोटं फार लांब, सांधे फार लवचिक, डोळ्याच्या भिंगाचा त्रास असं काही असेल, तर सीटी आणि मार्फन सिंड्रोमची (शरीराच्या जोडऊतींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी आत्ताच करून घ्या. नाहीतर सीटीची घाई नाही.

तर उद्या त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन एक्सरे पुन्हा काढा आणि पहिला एक्सरे शेजारी लावून बघायला सांगा. पोकळी तेवढीच किंवा कमी असेल आणि तो आरामात जिना चढत असेल तर नळी नको. वाढलेली दिसली तर पहिल्या डॉक्टरांकडे जा, आणि त्यांना विचारा की पिगटेलवर भागेल का.